जिथे कुणीच मरत नव्हतं

राज्यांचे नकाशेही अजून कुणी काढले नव्हते, त्या फार जुन्या काळी एका डोंगराळ मुलखात एक राजा होता. तिथल्या थंडीने त्याच्या म्हाताऱ्या आईचा खोकला वाढत चालला होता. तिला एखाद्या निरोगी देशात ठेवावं, असं त्याने ठरवलं.

त्याचा कारभारी विसाजी. त्याने शेजारच्या दोन्ही राज्यांकडे विचारणा केली, "तुमच्याकडे आजारी किती? गेल्या वर्षी मेले किती?"

पूर्वेकडून उत्तर आलं, आजारी चारशे, मेले साठ. पश्चिमेकडून आलं, आजारी एकही नाही, मेलंही कुणी नाही.

विसाजीने आईसाहेबांची पालखी पश्चिमेला नेली.

तिथले रस्ते स्वच्छ होते. घरांना ताजा चुना लावलेला होता. पण कुणाच्या हाती काठी नव्हती, एकही पांढरं डोकं दिसत नव्हतं. चौकात आईसाहेबांना ढास लागली, तशी सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि पालखीकडे बघून हसली.

सकाळी आईसाहेबांचं अंथरूण रिकामं होतं. चादरीची नीट घडी घातलेली होती.

"आईसाहेब कुठं आहेत?" विसाजीने धर्मशाळेच्या रखवालदाराला विचारलं.

"त्या आजारी होत्या ना?" तो गोड आवाजात म्हणाला. "हद्दीबाहेर पोचवल्या. आता त्या आमच्याकडच्या नाहीत."

विसाजी हद्दीकडे धावला. पलीकडच्या माळावर शेकडो माणसं मुकाट बसली होती. काही तर केव्हाच मेली होती. शेजारचे त्यांना टेकून बसले होते. त्यांच्यात आईसाहेब होत्या.

त्यांनी विचारलं, "मला आणण्याआधी तू इथं येऊन पाहिलं नव्हतंस का रे, विसाजी?"

त्याने त्यांना पाठीवर घेतलं आणि दोन दिवस चालून पूर्वेकडचं राज्य गाठलं. तिथे गल्लोगल्ली खोकला ऐकू येत होता आणि दारोदारी वैद्य फिरत होते. एका वैद्याने आईसाहेबांचं नाव लिहून घेतलं, गरम काढा पाजला आणि तो त्यांच्या उशाशी बसून राहिला. आठव्या दिवशी त्या गेल्या, तेव्हा त्यांचा हात त्या वैद्याच्या हातात होता.

त्या वर्षी पूर्वेकडच्या राज्यात एक मृत्यू जास्त नोंदला गेला. पश्चिमेकडे मात्र कुणीच मेलं नाही.

तात्पर्य : दोन देशांचे आकडे शेजारी मांडण्याआधी, त्यांतल्या प्रत्येकाने कुणाला मोजलंच नाही, ते जाऊन पाहावं.