झाकलेला डाग

एकदा एक विद्यार्थिनी होती, ऋजुता तिचं नाव. वैद्यकीय महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि एक्स-रे ओळखण्यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. परीक्षेत एका फिल्मला एक मिनिट मिळतं आणि उत्तर एकच असतं. मग मुलं तरी काय करणार? डाग शोधतात, रोगाचं नाव लिहितात आणि पुढच्या टेबलाकडे पळतात. आपणच शिकवलं आहे त्यांना तसं.

एके सकाळी वॉर्डातून एका तरुण बाईच्या छातीची फिल्म आली. खोकला-तापानं आठ दिवसांपूर्वी दाखल झालेली ती बाई आज घरी जाणार होती. नवरा न्यायला येऊन बाहेर बसला होता. विभागातल्या वृद्ध सरांनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. ऋजुता लगेच म्हणाली, "उजव्या फुप्फुसात खाली न्यूमोनिया, सर. ओसरतोय. घरी सोडायला हरकत नाही."

"बरोबर," सर म्हणाले. मग त्यांनी फिल्मच्या खाकी पाकिटाचा तुकडा फाडला आणि नेमका त्या डागावर चिकटवला. "आता वाच."

ऋजुताला राग आला. "सर, रोगच झाकलात. आता यात वाचायचं काय?"

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," सर हसले. "वरून खाली ये बाळ. एकेक हाड बघ."

नाइलाजानं ती बघू लागली. गळ्याची हाडं ठीक होती. डावीकडच्या पाचव्या बरगडीवर मात्र एक गाठ होती, मोडून जुळलेल्या हाडाला येते तशी. सहावीवरही होती. नववीवरची गाठ अजून कच्ची होती, फार तर महिन्याभराची. तिचं बोट तिथेच थांबलं.

"सर, ह्या एका वेळी मोडलेल्या नाहीत."

सरांनी मान हलवली. "डाग सापडला की आपली नजर सुखावते आणि उठून घरी जाते. माणूस तिथेच राहतो. फार वर्षांपूर्वी अशाच एका बाईचा न्यूमोनिया मी अचूक ओळखला, मोडलेल्या बरगड्या पाहिल्याच नाहीत आणि तिला नवऱ्याबरोबर घरी पाठवलं. दोन महिन्यांनी तिला आणलं, तेव्हा फिल्म काढायचं काही कारण उरलं नव्हतं. तेव्हापासून सापडलेलं मी आधी झाकतो. तू तिच्याजवळ जा, मी वॉर्डाच्या डॉक्टरांशी बोलतो."

ऋजुता वॉर्डात गेली. बाईनं पिशवी भरून ठेवली होती. पडदा ओढून ऋजुता तिच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, बरगड्यांना कधी लागलं होतं?"

बाई पदराशी चाळा करू लागली. मग डोळे भरून आले तिचे. "आज घरी जायलाच पाहिजे का हो?"

"नाही, ताई," ऋजुतानं तिचा हात हातात घेतला. "मला कसली घाई नाही. तुम्ही सांगा, मी ऐकते."