मावळतीची हिरवळ

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी एका राणीचा महाल होता. महालापुढे दोन हिरवळी होत्या, एक उगवतीची आणि एक मावळतीची. मधे हातभर रुंदीची मातीची वाट. उगवतीची हिरवळ मंजुळाचे बाबा राखत आणि मावळतीची सोनकीचे. पण एका वर्षी चैत्र लागला नि सोनकीच्या बाबांचा पाय मोडला. मग पाण्याची झारी नऊ वर्षांच्या सोनकीच्या हातात आली. झारी सोनकीपेक्षा थोडीशीच लहान होती.

राणीचा एक रिवाज होता. अक्षय्य तृतीयेला भल्या सकाळी ती हिरवळीवरून अनवाणी चालायची, तेही डोळे मिटून. जिथे वाळकी काडी तळव्याला टोचेल, तिथल्या माळ्याने खुरपं परत करायचं आणि बागेतली झोपडी सोडायची. सोनकीच्या झोपडीत ती, तिचे बाबा आणि चिमणी नावाची एक मांजर. तिघांनी जायचं तरी कुठं?

आणि त्या वर्षीचं ऊन म्हणजे ऊन नव्हतंच, नुसता विस्तव! मंजुळाच्या हिरवळीवर दोन डेरेदार आंबे दुपारभर सावली धरायचे. सोनकीच्या हिरवळीवर सावली धरायला होता एकटा कावळा, तोही उडून जायचा.

सोनकी तशी गुणाची पोर. मुंग्यांची रांग दिसली तर थांबून त्यांना वाट द्यायची. पण मंजुळा दिसली की तिच्या पोटात दुखायला लागायचं. मंजुळाच्या पायांत चांदीचे इवलेइवले पैंजण होते. छुमछुम, छुमछुम! सोनकीला वाटे, ते पैंजण मुद्दाम आपल्यालाच ऐकवायला वाजतात. आणि ती हिरवळ! लांबून कशी मखमल दिसायची. ‘तिचीच का? माझी का नाही?’ सोनकी दिवसातून दहादा मनात म्हणायची.

मग तिने काय केलं? आपलीही मखमल दिसावी म्हणून विळा घेतला आणि सगळी हरळी मुळापर्यंत कापून टाकली. वर भर दुपारी झाऱ्याच्या झाऱ्या पाणी ओतलं. चार दिवसांत हिरवळ पिवळी पडली, आठव्या दिवशी तपकिरी झाली. हेव्यापायी स्वतःच्या हाताने केलेलं, आता रडून सांगणार कोणाला?

एका पहाटे तिला कोपऱ्यात एकच हिरवं पातं दिसलं, मान टाकलेलं. सोनकीने आपल्या प्यायच्या लोट्यातलं पाणी त्याला घातलं. तर काय! पात्याच्या टोकावर दवाचा थेंब लुकलुकला, गुलाबी झाला, सोनेरी झाला आणि त्यातून करंगळीएवढी परी बाहेर आली. तिचे पंख पोपटी होते आणि त्यांवर चांदीच्या बारीक बारीक टिकल्या होत्या.

"मी दवपरी," ती म्हणाली. "तहानलेल्याला पाणी दिलंस ना, बाळा? आता तीन इच्छा माग. पण नियम ऐकून घे. दव सुकायच्या आत मागायचं. बागेबाहेरचं काही मिळणार नाही. आणि मी नवं काही बनवत नाही हं, इथलं उचलते नि तिथं ठेवते."

सोनकी हुशार होती. तिला सगळं समजलं. तिने एकदा उगवतीकडे पाहिलं.

"माझी हिरवळ हिरवीगार कर," ती भरभर म्हणाली. "आणि हिरवेपणा कुठून आणशील, ते मला सांगू नकोस."

परीचे पंख क्षणभर थांबले. "बरं," ती म्हणाली.

सूर्य वर आला तेव्हा मावळतीची हिरवळ पाचूसारखी चमकत होती, आणि उगवतीची वाळून कोळसा झाली होती. सोनकीला वाईट वाटलं का? अजिबात नाही! ती गवतावर लोळली, गिरक्या घेतल्या, गाणं म्हटलं. दुपारपर्यंत तिच्याइतकं सुखी त्या बागेत कोणी नव्हतं.

दुपारी मंजुळा आली. तिचे डोळे सुजले होते आणि हातात ओलं गोणपाट होतं.

"सोनके, किती गं छान झाली तुझी हिरवळ!" ती म्हणाली. "आमची तर एका सकाळीत गेली. हे गोणपाट घे. काठ्यांवर ताणलंस की गवताला सावली होते. आम्हाला आता काय करायचंय? तुझी तरी वाचू दे."

सोनकीने खाली मान घालून गोणपाट घेतलं.

"खरं सांगू? रागावू नकोस हं," मंजुळा म्हणाली. "मला तुझा फार हेवा वाटायचा. तुझे बाबा पाय मोडला तरी रोज तुला गोष्ट सांगतात. आमचे बाबा बोलतच नाहीत. मी कुडाआडून तुमची गोष्ट ऐकते."

सोनकीला इतकी लाज वाटली की रात्रीची भाकरी तिने चिमणी मांजरीला घालून टाकली.

दुसऱ्या पहाटे ती धावत परीकडे गेली. "जिथून आणलंस तिथं परत ठेव!"

"मग तुझी हिरवळ पुन्हा करपेल. झोपडी जाईल."

"जाऊ दे. ते माझं नव्हतंच."

परीने पंख हलवले. उगवत हिरवी झाली, मावळत करपली. आता एकच इच्छा उरली होती आणि दव सुकत आलं होतं. सोनकीने खूप खूप विचार केला. बागेतलं असं काय मागावं, की कोणाचं कमी होणार नाही?

"परीताई," ती हळूच म्हणाली, "तुला गवताचं जे जे ठाऊक आहे, ते मला दे."

परी खुदकन हसली. हसता हसता तिच्या पंखांतून मोतिया उजेड सांडला. "आजवर हे कोणी मागितलंच नव्हतं! हे कितीही उचल, माझ्याकडे तेवढंच राहतं." आणि ती सोनकीच्या कानाशी बसून कितीतरी वेळ कुजबुजली.

सोनकीने आधी मंजुळाला सगळं खरं सांगितलं. मंजुळा रडली, रागावली, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच हरळीच्या मुळ्यांची टोपली घेऊन आली. मग दोघींनी करपलेली माती खुरप्याने भुसभुशीत केली, शेणखत घातलं, वीत वीत अंतरावर मुळ्या लावल्या. पाणी पहाटेच, तेही खोलवर. दुपारी वर ओलं गोणपाट. आणि विळा? गवत चार बोटं उंच होईपर्यंत त्याला हातसुद्धा लावायचा नाही. उंच पातंच आपल्या मुळावर सावली धरतं. काम चालू असताना सोनकीचे बाबा खाटेवरून दोघींना गोष्ट सांगत. हळूहळू मंजुळाचे बाबाही ऐकायला येऊन बसू लागले.

अक्षय्य तृतीया उजाडली. राणी डोळे मिटून उगवतीकडून चालू लागली. एक पाऊल, दहा पावलं, शंभर पावलं. सोनकीने मंजुळाचा हात घट्ट धरला. राणी चालत चालत पार मावळतीच्या टोकाच्या दगडापाशी पोहोचली आणि थांबली.

"उगवतीची संपत कशी नाही?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "मावळतीची कधी लागणार?"

मधल्या मातीच्या वाटेवर दोन्हीकडून हरळी पसरली होती. वाट कुठे होती, ते आता सोनकीलाही सांगता आलं नसतं.

राणीने डोळे उघडले आणि पोटभर हसली. दोन्ही खुरपी दोन्ही माळ्यांकडेच राहिली, दोन्ही झोपड्याही. शिवाय दोघी मुलींना पोपटी रेशमाचे परकर मिळाले.

परकर घालून मंजुळा छुमछुम करत आली, तेव्हा खरं सांगायचं तर सोनकीच्या पोटात पुन्हा थोडंसं दुखलं. मंजुळाने ते ओळखलं. ती खाली बसली आणि एका पायातला पैंजण काढून तिने सोनकीच्या पायात घातला.

हिरवळीवरचे सगळे दवबिंदू एकदम झळाळले, निळे, गुलाबी, केशरी! त्या झगमगाटात दवपरीने हात हलवला आणि ती उजेडातच विरघळून गेली. तेव्हापासून त्या बागेत एकट्या पावलाची नुसती छुम वाजते, आणि पुरती छुमछुम ऐकायची तर दोघींना बरोबरच चालावं लागतं.