हिरवा चुडा आणि उचललेलं नख

सुरुवातीलाच माफी मागतो. शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल आणि शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र नीट सांगायचा प्रयत्न करतो.

एका गावात एक कासार राहत होता. सगळे त्याला तात्या म्हणत. आसपासच्या वाड्यांवरच्या नवऱ्या मुली चुडा भरायला त्याच्याच दुकानात येत. त्याचा हात हलका होता. बांगडी कितीही घट्ट असली तरी तात्या खोबरेल तेलाचं बोट लावून, गप्पा मारत मारत ती मनगटावर नेऊन सोडायचा. भरताना एखादी बांगडी वाढलीच, म्हणजे फुटली, तर तात्या तुकडे बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, "माझ्या हातात वाढली, ती माझी." गिऱ्हाइकाला कधी त्याने "हात ताठ धरलास" असं म्हटलं नाही.

तात्याचा मुलगा गिरिधर. तो शहरात जाऊन ॲक्रिलिकची नखं लावायला शिकून आला. दुकानाच्या खिडकीशी त्याने एक टेबल मांडलं. मुलींना ते फार आवडलं. एका बाजूला चुडा भरायचा, दुसऱ्या बाजूला नखं लावायची आणि नटून घरी जायचं.

गिरिधरला काम येत होतं. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला बजावून सांगितलं होतं. नखाच्या मुळाशी पातळ कातडी चिकटलेली असते, ती आधी काढायची. नख साबणाने धुऊन अगदी कोरडं करायचं. तेलाचा अंशही राहू द्यायचा नाही. ॲक्रिलिक कातडीला टेकू द्यायचं नाही, केसाएवढी जागा सोडायची. यातलं काही चुकलं तर नख कडेने उचलतं. मग त्या फटीत पाणी आणि मळ शिरतो आणि आतल्या आत सडतो.

लग्नसराईत रेणुका नावाची मुलगी चुडा भरायला आली. तिचा हात जाडसर. तात्याने तेल जरा सढळच लावलं. चुडा भरून ती तशीच उठून गिरिधरच्या टेबलाशी बसली. तिच्या मागे मुलींची रांग होती आणि एकीची गाडी सुटत होती.

"गिरीदादा, हात धुऊन येऊ का?" रेणुकाने विचारलं.

धुवायला मागच्या परसात जावं लागायचं. गिरिधरने रांगेकडे पाहिलं. "राहू दे, पुसतो मी," तो म्हणाला. त्याने फडक्याने बोटं पुसली आणि काम सुरू केलं. आपण चुकतोय हे त्याला तेव्हाही कळत होतं. पण नखं दिसायला अशी सुरेख झाली की तो स्वतःच ते विसरून गेला.

लग्नानंतर थोड्या दिवसांनी रेणुका पुन्हा आली. बरोबर तिची सासू होती, वत्सलाकाकू. अनामिकेचं नख मुळाशी उचललं होतं. गिरिधरने वाकून पाहिलं. फटीत हळदीची पिवळी रेघ दिसत होती. नख काढायला हवं होतं, आत बघायला हवं होतं. पण मग तेलाची गोष्ट निघाली असती, आणि दुकान बायकांनी भरलेलं होतं. त्याने गोंदाचा एक थेंब फटीत सोडला आणि नख दाबून धरलं.

वर तो बोललाही. "ताई, काम पक्कं आहे माझं. पण धसमुसळ्या हातांना ही नखं टिकायची नाहीत."

बायका हसल्या. "अगं, नखांनी भांडी घासतेस की काय?" एकीने विचारलं. वत्सलाकाकू हसल्या नाहीत. रेणुकाचे कान लाल झाले. "माझंच चुकलं असेल," ती हळूच म्हणाली.

पुढे एका सणाच्या आदल्या दिवशी वत्सलाकाकू एकट्याच बांगड्या भरायला आल्या.

"सून नाही आणली?" तात्याने विचारलं.

"काय आणायची! त्या नखाखाली हिरवं पडलंय. वास येतो. मी तिला सांगून टाकलं, त्या हाताने कणकेला शिवायचं नाही. उद्या पुरणाचा स्वयंपाक, आणि घरातली नवी सून बाहेर बसून शेंगा निवडणार. लोक विचारतील तेव्हा काय सांगू?"

"नख लावण्यात तर काही बिघडलं नसेल ना?" तात्या म्हणाला.

"मीही तेच म्हटलं. तर तीच सांगते, गिरीदादांचं काम चांगलं आहे, मीच हात सांभाळला नाही."

तात्या समाधानाने हसला. "ते मात्र खरं. पोराचं काम स्वच्छ असतं माझ्या."

खिडकीशी गिरिधर मान खाली घालून कुणाच्या तरी नखाला कानस लावत होता. त्याचा हात थांबला. बोलावं असं त्याच्या मनात आलं. एवढ्यात वत्सलाकाकूंच्या हातावर एक बांगडी वाढली. तात्याने तुकडे उचलले, बाजूच्या वाटीत टाकले. "माझ्या हातात वाढली, ती माझी," असं म्हणून त्याने दुसरी बांगडी घेतली. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. गिरिधरला मात्र त्या वाटीकडे बघवेना.

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. आईने विचारलं, "पोट दुखतंय का रे?" तो नुसता "हो" म्हणाला. नख बिघडलं याची लाज होतीच. पण जिला आपण चारचौघांत बोललो तीच घरी आपली बाजू घेते, याची लाज त्याहून मोठी होती. ती काही केल्या आत ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिधर पिशवी घेऊन रेणुकाच्या सासरी गेला. ओसरीवर ती शेंगा निवडत बसली होती. त्याला पाहताच तिने डावा हात पदराखाली घेतला.

"काय रे, सणाच्या दिवशी सकाळी सकाळी?" वत्सलाकाकू कणकेच्या हातांनीच दारात आल्या.

"काकू, रेणुकाताईंचं काही चुकलं नाही. चुड्याचं तेल त्यांच्या हातावर होतं. त्या धुते म्हणाल्या, मीच नको म्हटलं. नख उचललं तेही माझ्यामुळे. आणि उघडून धुवायचं सोडून मी वरून गोंद लावला. घाण आत कोंडली ती मीच."

"मग त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर तिला धसमुसळी म्हणालास, ते काय होतं?"

"खोटं होतं. तेच परत घ्यायला आलोय. तुम्ही म्हणाल तर त्या बायकांसमोरही सांगतो."

"ते नंतर. आधी तिचा हात बघ," वत्सलाकाकू म्हणाल्या. गिरिधर ओसरीवर खाली बसला. "ताई, हात द्या."

रेणुकाने हात पुढे केला नाही. "दादा, मला वाटलं माझे हातच वाईट," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गिरिधरने पिशवीतून कानस आणि कापूस काढून समोर मांडला. तेव्हा तिने आपणच हात पुढे ठेवला. त्याने कानशीने वरचा थर उतरवला, ॲक्रिलिक मऊ करणाऱ्या ॲसिटोनचा कापूस बांधून ठेवला आणि ओढाताण न करता नख सुटं केलं. आत साचलेलं पाणी निघालं. खालचं नख हिरवट पडलं होतं. त्याने ते धुतलं आणि कोरडं केलं. बाकीची नखंही तशीच काढली.

"यावर आता काही लावायचं नाही," तो म्हणाला. "उघडं आणि कोरडं ठेवा. आज सण आहे, उद्या डॉक्टरांना दाखवू. मी येतो बरोबर."

वत्सलाकाकू सुनेच्या त्या बोटाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "अगं, शेंगा राहू देत. आत ये. मी लाटते, तू उलथनं घेऊन भाजायला उभी राहा. बोट बरं झालं की पुढच्या सणाला तू लाट."

गिरिधर दुकानात आला. तात्या गादी झटकत होता. गिरिधरने त्याला सगळं सांगितलं. तात्या रागावला नाही. त्याने नुसतं विचारलं, "तिच्या सासूसमोर सांगितलंस ना?" गिरिधरने होकारार्थी मान हलवली. "त्या दिवशीच्या बायका आल्या की त्यांनाही सांगतो," तो म्हणाला. मग त्याने परसातून पाण्याची बादली, साबण आणि धुतलेला पंचा आणला. चुड्याची गादी आणि आपलं टेबल यांच्या मधोमध त्याने एक स्टूल मांडलं आणि सगळं त्यावर ठेवलं. पहिली मुलगी चुडा भरून उठली, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी हात धुवा. रांग थांबेल."

तात्पर्य: आपल्या हातून बिघडलेलं वरून चिकटवू नये, ते आत सडतं आणि त्याचा वास दुसऱ्याच्या हाताला लागतो. ते उघडावं, धुवावं, आणि ज्यांच्यासमोर दुसऱ्याला दोष दिला त्यांच्याचसमोर तो आपला म्हणावा.