डावी पोटरी

“मग मी इथं काय शोभेला आलेय?”

इंदूनं विचारलं तेव्हा तिचे तळवे तेलानं माखलेले होते. ओवा-लसूण घालून कढवलेलं तिळाचं तेल. समोर पाटावर बाळंतीण बसलेली, डावा पाय पुढे केलेला. आणि मधे तान्हूबाई. तेलाच्या वाटीवर हात ठेवून.

गावातल्या तीन पिढ्यांच्या बाळंतिणी या म्हातारीनं चोळून, न्हाऊ घालून उभ्या केल्या होत्या. गुडघे गेले तसं सगळं इंदूला शिकवलं. आज नुसती बघायला म्हणून आली, आणि आल्या आल्या लोकांदेखत तिचाच हात धरला.

इंदूला ते झोंबलं. का झोंबू नये? तिच्या हाताचं नाव आता शेजारच्या चार गावांत होतं.

बाळंतिणीची आई मालतीबाई तर चिडलीच. पोरीचं सिझर होऊन नऊ दिवस झाले, पाय सुजलाय, ठणकतोय, वारा भरलाय, चोळून काढायचा सोडून ही म्हातारी नाटकं काय करतेय, असं तिनं ऐकवलं.

“वारा एकाच पायात बरा शिरला,” तान्हूबाई म्हणाली.

तिनं गोधडीचा एक दोरा ओढून काढला. उजव्या पोटरीला गुंडाळला, गाठ मारायच्या जागी चिमटीत धरला. तोच डाव्या पोटरीला लावला.

दोन बोटं कमी पडला.

“हात लाव. नुसता लाव, दाबू नको.”

इंदूनं लावला. कातडी ताणलेली, चकचकीत, आणि तव्याजवळ हात न्यावा तशी गरम.

“दुखतंय म्हणूनच तर चोळायचं,” इंदू म्हणाली. “अशा किती सुजा उतरवल्यात मी. तेल निवतंय, मावशी. सर.”

तान्हूबाई सरली नाही. तिनं पाळण्यातलं बाळ उचललं आणि सरळ इंदूच्या तेलकट हातांत दिलं. इंदूला दोन्ही हातांनी ते धरावंच लागलं.

“हां. आता चोळ.”

…

मालतीबाईचं म्हणणं, बारशाआधी बाळंतीण उंबऱ्याबाहेर जात नाही. आमच्यात तशी रीतच नाही.

“बारशाची वाट बघाल तर बाराव्याला बसाल,” म्हातारी म्हणाली. “रिक्षा बोलवा. आणि तिला चालवू नका, उचलून न्या.”

एवढं अभद्र बोलल्यावर घरात कुणी तिच्याकडे बघेना. पण रिक्षा आली.

तालुक्याच्या दवाखान्यात इंदूच बाळ घेऊन बसली. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या त्या हाच प्रश्न घेऊन, की पाय कुणी चोळला तर नाही ना? शिरेत रक्ताची गुठळी होती. चोळताना सुटली असती तर फुप्फुसात जाऊन अडकली असती, मग आमच्या हातात काही उरलं नसतं, असं त्यांनी सांगितलं. सिझरनंतर एकच पाय असा सुजला, तर तेलाची वाटी ठेवायची आणि आधी इकडे यायचं, हे त्या इंदूकडे बघूनच बोलल्या. तेलाचा वास तिच्याच हातांना येत होता.

मालतीबाईही इंदूकडेच बघत राहिली. वारा कुणी म्हटलं होतं, ते तिच्या ध्यानात नव्हतं.

…

दिवेलागणीला इंदू घरी परत आली ती धुमसतच. तान्हूबाई ओट्यावर बसून, मालतीबाईकडून आणलेल्या त्या गोधडीचा उसवलेला टाका घालत होती.

इंदू तिच्या पोटची नव्हे. इंदूची आई बाळंतपणात गेली, दहाव्या दिवशी, न्हाणीतून उठता उठता. पाय सुजून बाधा झाली म्हणाले लोक. तिला चोळून न्हाऊ घालायला तेव्हा तान्हूबाईच जात होती. ते दहा दिवसांचं पोर तिनं पदरात घालून घरी आणलं आणि वाढवलं. गावानं तिचं कौतुक केलं. तिनं ते कधी कानावर घेतलं नाही.

“सहा वर्षं तुझ्या हाताखाली राबले,” इंदू म्हणाली. “पाठ कशी, पोट कसं, टाके ओले असताना कुठं हात लावायचा नाही, ताप असला तर काय, सगळं शिकवलंस. हेच का नाही सांगितलंस? आज तू आली नसतीस तर?”

तान्हूबाई टाका घालत राहिली.

“माझ्या हातून एक बाई मेली असती, मावशी.”

सुई थांबली.

“शिकवायला तोंड लागतं, इंदे.”

“मग तुला कुणी शिकवलं? ते दोरा लावणं… ते बाळ हातात देणं?”

म्हातारीनं सुई गोधडीत खोचली. दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवले. ती त्यांच्याकडेच बघत होती.

…

“तुझ्या आईनं.”