वरच्या वाडीला न उघडणारी वेबसाइट

कासारदरा गावात विश्वंभर नावाचा एक हुशार माणूस राहत होता. आपण हुशार आहोत हे तो येता-जाता स्वतःच सांगे, त्यामुळे गावालाही ते पाठ झालं होतं. चावडीशेजारी त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दाखला असो, सातबारा असो, कुठलाही फॉर्म असो, अडलं की लोक त्याच्याकडेच येत.

गावच्या जत्रेत कुस्त्यांचा मोठा फड भरे. नावं द्यायला पैलवानांची अशी रेटारेटी व्हायची, की पहिली कुस्ती पंचांच्या टेबलापाशीच लागायची. यंदा विश्वंभर म्हणाला, "थांबा, मी वेबसाइट करतो. ज्याने त्याने आपल्या फोनवरून नाव भरायचं. नाव नाही, त्याला आखाडा नाही." सरपंच मालनताईंना ते पटलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला नोंदणी बंद आणि रविवारी कुस्त्या, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी, सोमवारी, कुणा टवाळाने शंभर खोटी नावं भरली. 'ढोल्या रेडा, वजन नऊशे किलो, वस्ताद गोठेवाले.' सगळं गाव पोट धरून हसलं, पण विश्वंभरचं डोकं फिरलं. इंटरनेटवर येणाऱ्याला आकड्यांचा एक पत्ता असतो. ही नावं कुठल्या पत्त्यावरून आली ते त्याने शोधून काढलं आणि वेबसाइटला हुकूम सोडला, की या पत्त्यावरून कुणीही आलं तरी दार उघडायचं नाही. मग हात झटकून तो चहा प्यायला गेला.

गुरुवारी धोंडिबा ढेबे दुकानात आला. हा डोंगरावरच्या वरच्या वाडीतला धनगर. त्याची लेक सगुणा वर्षभर पहाटे उठून घाम गाळत होती, कारण मुलींच्या कुस्त्या जत्रेत यंदा पहिल्यांदाच होणार होत्या.

"भाऊ, तुमची ती वेबसाइट उघडंना," धोंडिबा म्हणाला. "दोन दिस झालं, पोरगी फोन घिऊन बसलीया. नुसतं चाक फिरतंय."

विश्वंभरने आपल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली. ती चटकन उघडली. "हे बघा, माझ्याकडे कशी लख्ख उघडतेय! फोन बिघडलाय तुमचा."

"समद्या वाडीचा एकदम बिघडला व्हय?"

"मग तुमच्या फोन कंपनीचा टॉवर बिघडला असेल. त्यांना विचारा."

"बरं, तुम्हीच भरा की तिचं नाव."

"छे! एकाचं भरलं तर उद्या सगळा तालुका माझ्या दारात रांग लावेल. नियम म्हणजे नियम."

धोंडिबाने टोपी सारखी केली आणि तो आल्या वाटेने परत गेला. विश्वंभरला वाटलं, काय ही अडाणी माणसं!

शुक्रवारी पाच वाजले. नोंदणी आपोआप बंद झाली. सव्वापाचला दारात सगुणा उभी. तीन वाजेपर्यंत ती घरूनच नाव भरायचा प्रयत्न करत राहिली होती आणि मग दोन तासांचा डोंगर उतरून आली होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज खणखणीत होता.

"काका, मुदत संपली, म्हाईत हाय मला. नाव राहू द्या. पर का उघडंना, तेवढं तरी सांगा. वाडीतले आम्ही तेवीस जण हाय. सगळ्यांचीच नावं राहिली."

तेवीस! विश्वंभर खुर्चीवरून उठला. पहिल्यांदाच त्याने समोरच्याचा फोन हातात घेतला. दुकानातल्या वायफायवर लावून पाहिला, तर 'नोंदणी बंद झाली आहे' अशी पाटी झटक्यात आली. म्हणजे फोन ठणठणीत होता. मग वायफाय बंद करून सगुणाच्याच सिमकार्डावर पाहिलं. चाक फिरत राहिलं. त्याच कार्डावर बातम्या उघडल्या, हवामान उघडलं, एवढंच काय, शेजारच्या गावच्या जत्रेचीही वेबसाइट उघडली. म्हणजे टॉवरही ठणठणीत होता. मग अडतंय कुठे?

त्याने आपल्या वेबसाइटची आवक-नोंद काढली. कोण आलं, कुठून आलं, आत गेलं की परतलं, सगळं त्यात उतरलेलं असतं. वाडीची माणसं आलेली होती. सोमवारपासून शेकडो वेळा आलेली होती आणि प्रत्येक वेळी दारातूनच हाकलली गेली होती. हुकूम कुणाचा? विश्वंभरचा!

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. वाडीत रेंज येते ती एकाच कंपनीची, आणि ती कंपनी डोंगरावरचे शेकडो फोन बाहेर पाठवते ते एकाच पत्त्यावरून. सगळ्या वाडीचं टपाल एकाच पेटीत पडावं तसं. त्याने एका टवाळाला दार लावलं आणि सगळी वाडी बाहेर राहिली. टवाळ कोण होता, ते काही कळलं नाही. त्याने दुसरीकडून नाव भरून जत्राही बघितली असेल, कोण जाणे!

विश्वंभरने हुकूम काढून टाकला. सगुणाच्या फोनवर आता तिच्या सिमकार्डावरही 'नोंदणी बंद' अशी पाटी आली. पण मुदत तर संपली होती.

पंचांचा जुना नेम असा, की कुणाची गाडी चुकली, बैल अडला, पाऊस आडवा आला, तर मुदत वाढत नाही. चूक गावाची असेल, तरच वाढते. विश्वंभर चावडीकडे निघाला खरा, पण उंबऱ्यातच थबकला. 'टॉवर बिघडला होता' म्हटलं तर कोण विचारणार होतं? सगुणालाही काही उमगलं नव्हतं. अब्रू राहिली असती. पण मग चूक परक्याची ठरली असती आणि पोरगी घरी बसली असती.

त्याने मागे वळून पाहिलं. सगुणा चपला हातात घेऊन पायातला काटा काढत होती.

चावडीत पंच आणि मालनताई कुस्त्यांच्या जोड्या लावत बसले होते. विश्वंभर आत शिरला आणि त्याने एका दमात बोलून टाकलं, "ताई, चूक माझी आहे. वाडीला दार मीच लावलं होतं. वर त्यांनाच अडाणी समजलो."

मग एक म्हातारे पंच खो खो हसत म्हणाले, "हात्तिच्या! आमचा हुशार माणूस तो हाच का?"

"हसा, हसा," विश्वंभर म्हणाला, "पण मुदत वाढवा."

"वाढवली," मालनताई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत. आणि वाडीवर जाऊन हे सांगून यायचं तुम्ही. चालत!"

विश्वंभर चालत गेला. धापा टाकत गेला, पण गेला. घरोघर हात जोडून माफी मागितली, आणि वाडीने त्याला ताक पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तेवीसच्या तेवीस नावं आली.

रविवारी सगुणाने तालुक्याच्या पोरीला सातव्या मिनिटाला चीत केलं. हलग्या कडाडल्या, फेटे उडाले. धोंडिबा गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने मूठभर गुलाल विश्वंभरच्या कपाळाला फासला.

"अहो, मला कशाला? कुस्ती तिने मारली!"

"तिनं दुसऱ्याला पाडलं, भाऊ," धोंडिबा म्हणाला. "तुम्ही परवा चावडीत सोताला पाडलंत. त्याला लई बळ लागतंय."

तात्पर्य: आपल्याला दार उघडं दिसतं म्हणून ते सगळ्यांनाच उघडं असतं असं नाही; कुणी बाहेर अडलं असेल, तर आधी आपली कडी तपासावी, आणि ती आपणच लावली असेल, तर तसं चारचौघांत सांगावं.