पत्रा की पुट्टी?

अप्पासाहेब खराडे म्हणजे जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष. प्रदर्शनात त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं, की भलेभले मिस्त्री हात जोडून उभे राहायचे. यंदा पाळी कोल्हापूरच्या बाबालाल मिस्त्रीची होती. त्यानं इंजिनभोवतीचा कुजका पत्रा कापून टाकला होता आणि नवा पत्रा हातानं ठोकून, वेल्डिंग करून असा बसवला होता, की सांधा शोधूनही सापडू नये.

तेच अप्पासाहेबांना सलत होतं. "पत्र्याचा सांधा असा लपतो होय? पुट्टीचा लगदा थापलाय ह्यानं! गाडी बाद!" ते सगळ्यांदेखत गरजले.

बाबालालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा शिक्का बसला, तर उद्या त्याच्या दारात गाडी कोण आणणार? त्यानं खिशातला लोहचुंबक काढून अप्पासाहेबांच्याच हातात ठेवला. "पुट्टीला हा चिकटत नाही. तुम्हीच फिरवा."

अप्पासाहेबांनी कानाकोपरा धुंडाळला. जिथं टेकवावा तिथं चुंबक खट्कन चिकटला. घाम पुसत ते म्हणाले, "तुझा चुंबकच खोटा! हा कशालाही चिकटतोय."

"असं? मग तुमच्या गाडीला लावून बघू की!"

अध्यक्षांच्या, गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मोटारीकडे बाबालाल तडक गेला, चकचकीत मडगार्डवर चुंबक टेकवला आणि हात काढला. चुंबक घसरत मातीत पडला.

बाबालालनं तो उचलून विजारीला पुसला.

"चुंबक खोटा नाही, साहेब. त्याला पत्रा तेवढा ओळखता येतो, अध्यक्ष ओळखता येत नाही."