एका सुरातले पाढे

आटपाट नव्हे, साध्याशाच एका गावात एक गुरुजी होते आणि त्या गावाला पाढ्यांचं वेड होतं.

दिवेलागणीला शाळेतली सगळी मुलं देवळाच्या ओसरीवर बसून एका सुरात पाढे म्हणायची. पारावरची म्हातारी माणसं मान डोलवत ऐकायची. आवाज कुठे फाटला नाही, की गाव म्हणायचं, "वा! शाळा चांगली चाललीये." दरवर्षी राजाचे शास्त्रीबुवा परीक्षेला यायचे. तेही पाढे ऐकायचे, पुरणपोळी जेवायचे आणि गुरुजींच्या खांद्यावर शाल टाकून निघून जायचे. गुरुजींचं बरं चाललं होतं.

एकदा गावातली कुंभारीण आपल्या मुलीला घेऊन शाळेत आली. "गुरुजी, ही मैना. हिला ऐकू येत न्हाई, पर तोंडाकडं बघून बोललेलं कळतं. बाकी समदं येतं."

गुरुजी मनाने मऊ. त्यांनी मैनाला थेट आपल्या शेजारी, सगळ्या वर्गाकडे तोंड करून बसवलं. मानाचीच जागा ती! पहिल्या दिवशी सगळ्यांची तोंडं हलताना पाहून मैनानेही तोंड उघडलं. आवाज भलत्याच पट्टीत लागला. मुलं फिदीफिदी हसली. गुरुजींनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. मैनाला कळलं. तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

त्यानंतर मैना रोज यायची. प्रसाद तिला आधी मिळायचा, जाताना गुरुजी तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे. प्रश्न मात्र तिला कधी कुणी विचारला नाही. आपण केवढं पुण्य करतोय, असं गुरुजींना मनापासून वाटायचं.

आणि मग बातमी आली. राजाने नवे शास्त्रीबुवा नेमलेत. ते घोळक्याचे पाढे ऐकत नाहीत, एकेका मुलाला उठवून विचारतात. एक जरी मूल अडलं, तरी गुरुजींच्या हातात नारळ!

पाटील लगबगीने शाळेत आले. "गुरुजी, त्या दिवशी कुंभाराच्या पोरीला घरीच राहू द्या. पालथ्या घड्यावर पाणी ते. तिच्यापायी तुम्ही कशाला जाता?"

गुरुजींना ते पटलं नाही, पण भीती वाटली. संध्याकाळी जड पावलांनी ते कुंभारवाड्यात गेले आणि मान खाली घालून पाटलांचे शब्द कुंभारणीला सांगितले.

कुंभारणीचे हात चिखलाने भरलेले होते. ती म्हणाली, "गुरुजी, घडा पालथा असंल तर तो सरळ करायचा असतो. आमी काय फोडून टाकतो व्हय?"

गुरुजी परत जायला वळले. तेवढ्यात त्यांचं लक्ष अंगणात गेलं. मैना मातीच्या बाहुल्या, वर्गात मुलं बसतात तशाच ओळीने मांडून, शाळा-शाळा खेळत होती. एकेक बाहुली उचलायची आणि त्या जागेवरच्या मुलाची नक्कल करायची. सुताराच्या मुलीची बाहुली घेतली, तेव्हा तिचे ओठ अगदी पाढ्यासारखे हलले. सात एके सात, सात दुणे चौदा. गुरुजींना न ऐकताही ते कळलं. मग तिने पाटलांच्या मुलाची बाहुली घेतली आणि नुसतंच तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. तळ्यातल्या माशासारखं.

गुरुजी खो खो हसले. हसता हसता एकदम थांबले. कारण पुढच्या बाहुलीचं तोंडही माशासारखंच हललं, आणि त्याच्या पुढच्या बाहुलीचंही.

सकाळी त्यांनी पाटलांच्या मुलाला एकट्याला उभं केलं. "सात आठे किती?"

"सात एके सात... सात दुणे..." पोराला घाम फुटला. "गुरुजी, सगळ्यांबरोबर म्हणताना येतं."

निम्म्या वर्गाची हीच गत निघाली. गुरुजी मटकन खाली बसले. ज्या सुरावर त्यांना शाल मिळत होती, त्याच सुराच्या पांघरुणाखाली मुलं लपून बसली होती. आणि ज्या एका मुलीला त्यांनी गप्प केलं होतं, तिलाच तेवढं ते दिसत होतं.

आता दोनच वाटा होत्या. मैनाला घरी ठेवायचं आणि बाकीच्यांकडून घोकून घ्यायचं, नाहीतर पहिल्यापासून शिकवायचं. गुरुजी उठले आणि कुंभारणीकडून टोपलीभर मातीच्या गोळ्या घेऊन आले.

त्या दिवसापासून ओसरीवरचे पाढे बंद झाले. मुलं जोडीजोडीने समोरासमोर बसू लागली. आठ रांगांत सात-सात गोळ्या मांडायच्या आणि मोजायच्या. बोलायचं ते समोरच्याकडे तोंड करून, सावकाश. मैनाची जोडी पाटलांच्या मुलाशी लागली. तो अडला की ती गोळ्या सरकवायची, ती अडली की तो बोटांनी दाखवायचा. गावाला मात्र चैन पडेना. "शाळा मुकी झाली," पारावरचे म्हातारे कुरकुरले. पाटील तर गुरुजींशी बोलेनासे झाले.

परीक्षेच्या दिवशी अख्खं गाव जमलं. गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शास्त्रीबुवांनी पाटलांच्या मुलाला उठवलं. "सात आठे?"

"छप्पन्न!" पोराने फटकन सांगितलं. पाटलांच्या मिशीत हसू मावेना.

एकेक मूल उठत गेलं आणि उत्तर देत गेलं. शेवटी मैना उभी राहिली. शास्त्रीबुवा डबीतली तपकीर काढत, खाली बघतच पुटपुटले, "सात नव्वे?"

मैना गप्प. गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पाटलांचा मुलगा उठून उभा राहिला. "शास्त्रीबुवा, तिच्याकडं बघून विचारा ना. आमच्या शाळेत असंच विचारतात."

शास्त्रीबुवांनी चमकून वर पाहिलं. डबी खाली ठेवली. मैनाकडे नीट बघून, सावकाश म्हणाले, "सात नव्वे?"

"त्रेसष्ट," मैना म्हणाली. आवाज तोच, भलत्या पट्टीतला. कुणीही हसलं नाही.

गुरुजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. कुंभारणीने पदर डोळ्यांना लावला. शास्त्रीबुवांनी शाल काढली, तर गुरुजींनी ती घेऊन मैनाच्या खांद्यावर घातली. ती तिला पायघोळ झाली.

त्या संध्याकाळी गावाच्या आग्रहाखातर ओसरीवर पुन्हा पाढे झाले. आता सगळ्यांना ते येत होते. सगळ्या सुरांमध्ये एक सूर वेगळाच, मोठ्याने, थोडा मागून येत होता. पारावरच्या म्हाताऱ्यांनी गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं नाही. ते मान डोलवत ऐकत राहिले.

तात्पर्य: लेकराला वर्गात नुसतं बसवून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. त्याला कळेल असं विचारा आणि त्याच्या आवाजात उत्तर देऊ द्या. त्यात बाकीच्यांचंही भलं होतं.